तळहातावरचा कापूस

मुलांनो, तळहात ओठांपुढे धरा. त्यावर कापसाचा एक पुंजका आहे, असं समजा. आता श्वास असा सोडा, की पुंजका हलेल, पण उडणार नाही. जमतंय का? गझालाच्या जमीरचाचाला हे जमायचं.

जमीरचाचा चौतीस वर्षांचा होता. त्याला घड्याळ कळत नसे आणि नवी गोष्ट शिकायला महिने लागत. पण पिंजलेल्या कापसात राहिलेली सरकी त्याची बोटं लगेच शोधून काढत. बोरी अरबला गझालाच्या अब्बांचं गादीचं दुकान होतं, तिथं तो तेच काम करी. गलका झाला की मात्र तो घाबरून वाट फुटेल तिकडे पळे. म्हणून यवतमाळच्या विशेष शाळेतल्या विमलताईंनी त्याला हा पुंजक्याचा श्वास शिकवला होता.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. दोन दिवस बाजार समितीत खरेदी बंद होती आणि कापसाच्या गाड्यांची रांग थेट दुकानापर्यंत आली होती. कालच चाचा घाबरून ट्रॅक्टरपुढे धावला होता. थोडक्यात वाचला. सकाळी अब्बा म्हणाले, "आज पयाला, तं उद्यापासून दुकान बंद त्याले. घरीच कडी लावून ठेवतो."

म्हणून शाळेतून आल्यापासून गझाला चाचाला चिकटून बसली होती.

दुपारी कोणीतरी ओरडलं, "आजबी खरेदी नाही!" हॉर्न वाजू लागले. माणसं भांडू लागली. चाचाने कान दाबले आणि तो उठला.

"चाचा, पुंजका!" गझालाने त्याच्या हातात कापूस कोंबला. तो उडाला. दुसरा दिला. तोही उडाला.

"जमीर, श्वास घे! घे म्हणतो ना!" अब्बा पिंजायच्या मशीनपलीकडून ओरडले. चाचाने एक पाय पायरीवर टाकला.

"हळू, चाचा, हळू," गझाला भराभर म्हणत होती. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला. चाचासारखाच घाबरलेला. तिने धावत जाऊन मशीनचं बटण बंद केलं, खाली बसली आणि स्वतःच्या तळहातावर पुंजका ठेवला. तो लगेच उडाला. दुसराही उडाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पायरीवरून चाचा पाहत होता. "तुया बी उडून राह्यला," तो म्हणाला.

"मले नाही जमत, चाचा."

"मंग रडतं कायले? उडाला तं उडू दे. दुसरा घे." तो मागे फिरला आणि तिच्यासमोर बसला. "हॉर्न वाजला तं वाजू दे. नाकाले हवा गार लागते का? ते पाह्य."

बाहेर हॉर्न वाजतच होते. चाचाने नवा पुंजका तळहातावर घेतला. त्याने श्वास सोडला, पण पुंजका नुसता हलला आणि तिथंच राहिला.

एव्हाना अब्बा दारात येऊन उभे होते, भावाला अडवायला दोन्ही हात पसरून. त्यांना धाप लागली होती.

"भाईजानले बी दे ना एक," चाचा म्हणाला.

गझालाने ढिगातून एक पुंजका उचलला आणि अब्बांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवला.