पाच वेळा लिहा

प्रौढांच्या वर्गात मास्तरांना सगळे मागून 'स्वल्पविराम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. वह्या ते डोळ्यांत तेल घालून तपासत. चूक सापडली की वाक्य पाच वेळा लिहायला लावत, मग समोरचा पन्नाशीचा का असेना!

जेव्हा-तेव्हा, जरी-तरी आणि जर-तर शिकवून झालं, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तीन वाक्यं लिहून आणली. 'जेव्हा नवरा जेवायला बसतो तेव्हा मी कात्री लपवते. जरी मी कडी लावली तरी तो आत येतो. जर मी वर्गाला आले नाही तर घरी येऊन बघा.'

"जोड्या बरोबर आहेत, बाई," मास्तर म्हणाले. "पण स्वल्पविराम काय उंदरांनी खाल्ले?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, जरा उशिरा.

पुढचे दोन आठवडे त्या आल्याच नाहीत. "नव्याचे नऊ दिवस!" म्हणत मास्तरांनी गैरहजेरी मांडली.

तिसऱ्या आठवड्यात बाईंची बहीण वर्गाच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"ताई गेली. भाऊजी कोठडीत आहेत," ती म्हणाली. "ही वही मशीनवर होती. तुम्हाला दाखवायची म्हणून तिने वेगळी काढून ठेवली होती."

मास्तरांनी वही उघडली. तिन्ही वाक्यं पाच-पाच वेळा लिहिली होती. शेवटचं होतं, 'जर मी वर्गाला आले नाही, तर घरी येऊन बघा.'

पाचही वेळा स्वल्पविराम जागच्या जागी होता.