केशरबाई कासारीण आणि नांदेडच्या वाघिणी

टोप्या संपल्या तशी मांडवापुढची गर्दीही पांगली. ताडकळसच्या बाजारात सकाळपासून कर्णा लावून उभी असलेली अर्पिता रिकाम्या खोक्याकडे बघत राहिली. दोनशे टोप्या गेल्या होत्या. केशरी टोपीवर निळ्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘नांदेड वाघिणी’. समोर मिरच्यांच्या ढिगामागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक होती, आणि एक कुणीतरी विकायला आणलेल्या बोकडाच्या शिंगात अडकवली होती. पण मॅचला येणाऱ्यांच्या वहीत नावं पडली होती तीन, आणि त्यातलं एक अर्पिताच्याच जीपच्या ड्रायव्हरचं होतं.

शेजारच्या पालातून केशरबाई कासारीण हे सगळं बघत होती. हातात एका नव्या सुनेचा हात, त्यात हिरव्या बांगड्या भरणं चाललेलं.

“बाई, मधी बोलले तर राग नका धरू,” ती म्हणाली. “टोपी दिऊन मानूस येत न्हाई. टोपी उन्हाला लागती. उन्हाचं काम झालं, मानूस गेलं.”

“मग काय करायचं, मावशी?” अर्पिता वैतागली होती, पण खरंच विचारत होती. तिनं सगळं सांगून टाकलं. बायकांच्या हॉकीची लीग निघाली आहे, त्यात नांदेडचा एक संघ आहे, आणि त्याला प्रेक्षक गोळा करायचं काम तिच्याकडे आहे. मैदान चांगलं आहे, पोरी जिवापाड खेळतात, पण खुर्च्या रिकाम्या. एकट्या नांदेडच्या जोरावर भागत नाही. पूर्णा, परभणी, हिंगोली या आसपासच्या गावांनाही संघ आपला वाटला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी संघ उचलून दुसऱ्या शहरात न्यायचं मालकांच्या मनात आहे.

“आन् त्या पोरी कुठं हायत?”

“कोणत्या?”

“खेळनाऱ्या. तुमी टोप्या आनल्या, कर्णा आनला. बायांनी कुनाला बघायला यावं, कर्ण्याला?”

अर्पिताला हसू आलं. मग ती केशरबाईच्या पालात आली, पोत्यावर मांडी घालून बसली आणि वही उघडून म्हणाली, “सांगा. तुम्ही सांगाल तसं करू.”

केशरबाईचा हात सुनेच्या अंगठ्यापाशी थांबला. चौतीस वर्षं ती या गावांतून बांगड्या विकत होती. आधी डोक्यावर पाटी घेऊन, आता बाजारात पाल टाकून. एवढ्या वर्षांत लोकांनी तिला भाव विचारला, माप विचारलं, रंग विचारला. काय करावं, हे कुणी विचारलं नव्हतं.

“पोरी घिऊन या,” ती म्हणाली. “आन् मांडवात उभ्या करू नका. हितं, माझ्या पालात बसवा.”

पुढच्या बाजाराला पाचजणी आल्या. बांगड्यांच्या पालात पुरुष थांबत नाहीत, त्यामुळे बायका मोकळ्या मनानं कडेनं जमल्या. केशरबाईनं एकेकीचा हात हातात घेतला. हात बघितल्याशिवाय तिला माणूस कळत नसे. चुलीवरचा हात वेगळा, खुरप्याचा वेगळा, मास्तरणीचा वेगळा. गोलकीपर राजेश्रीचा हात मात्र तिला कुठंच बसवता येईना. पोरगी देवगाव फाट्याकडची, बोली आपलीच, पण तळवा दगडासारखा आणि करंगळीजवळचं बोट वाकडं.

“हे कशानं मोडलं गं?”

“बॉल लागला, मावशी. एकाच बोटाला दोन डाव.”

“येवढ्या जोरात येतो?”

“गोफनीतला गोटा येतो तसा. पर आपन जागा सोडायची न्हाई. जागा सोडली की गोल झाला.”

मागं उभी असलेली ताडकळसचीच सविता न राहवून म्हणाली, “भ्याव न्हाई वाटत?”

“वाटतं की,” राजेश्री म्हणाली. “पर मव्ह्या मागं कुनीच नसतं. समदे म्होरं. मी शेवटची.”

केशरबाईनं त्या वाकड्या बोटावरून अंगठा फिरवला. नवरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पाटी उचलली होती, कारण तिच्याही मागं कुणी नव्हतं. हे ती कुणाला सांगायला गेली नव्हती. पाटीतलं सगळ्यात मोठं माप काढून तिनं राजेश्रीच्या हातात दोन-दोन बांगड्या भरल्या आणि म्हणाली, “खेळताना काढून ठिवत जा. फुटल्या तर मला सांग, दुसऱ्या दीन.”

त्यानंतरचे तीन आठवडे केशरबाईनं रान उठवलं. ताडकळस झालं, चुडावा झालं, अधल्यामधल्या वस्त्या झाल्या. तिच्याजवळ कर्णा नव्हता, पण एक हिकमत होती. बांगडी अर्ध्या हातावर असताना बाई उठून जाऊ शकत नाही. मनगट केशरबाईच्या मुठीत, आणि कानावर गोष्ट देवगाव फाट्याच्या पोरीची. “गोफनीतला गोटा येतो बाई, आन् ही उभी!” बांगड्या भरून होईपर्यंत बाईचं नाव वहीत पडलेलं असे.

ताडकळसला मात्र गाडी अडली. सविता आली तर गल्ली येणार होती, आणि सविताचे सासरे बन्सीधरअण्णा अडून बसले होते. केशरबाई सरळ त्यांच्या ओसरीवर गेली.

“केशरबाई,” अण्णा म्हणाले, “बांगड्या इकायच्या सोडून बाया पळवायल्या म्हनं तुमी?”

“पळवीत न्हाई, अण्णा. सकाळी न्हेते, दिवस बुडायच्या आत आनून सोडते.”

“खेळ काय बघायचा बायांनी?”

“तुमी जत्रंत कुस्ती बघता. कोन जितलं, कसं पाडलं, महिनाभर पारावर सांगता. आमच्याजवळ काय हाय सांगायला? चार बाया बसल्या की कुनाची सून कशी वागली, हेच. म्हनलं, एकडाव तरी दुसरं काय तरी सांगू.”

आतून बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी दाराआड हसू दाबत होतं. अण्णांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“पर संगं जिम्मेदार मानूस कोन?”

“मी हाय.”

“तुमी?”

“चौतीस साल झाले या घरात येऊन. तुमच्या मालकिनीचा हात भरला, लेकीचा भरला, सुनंचा भरला. एकदा तरी पिचकी बांगडी दिली का?”

अण्णांनी तोंडातली सुपारी गालात सारली. मग आत तोंड करून म्हणाले, “सविता, जाय. भाकरी बांधून न्हे, शहरात खायला लय महाग असतं.”

मॅचच्या दिवशी ताडकळसच्या एकोणीस बाया दोन जीपांतून पूर्ण्याला आल्या आणि नांदेडच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. पुढचं स्टेशन चुडावा. तिथल्या चोवीसजणींनी येतो म्हणून सांगितलं होतं. ‘येते’ म्हणणाऱ्या बाईच्या पायात ऐन वेळी किती गोष्टी आडव्या येतात, हे केशरबाईला ठाऊक होतं. गाडीचा वेग कमी झाला तशी ती खिडकीला नाक लावून बसली. फलाट रिकामा. एक कुत्रं आणि पोत्यावर बसलेला एक माणूस. अर्पिताला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात सविता ओरडली, “मावशी, त्ये बघा!”

फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, चुडाव्याच्या बाया उभ्या होत्या. गाडीचा डबा कुठं लागतो याचा अंदाज चुकला होता त्यांचा. आता सगळ्या एका हातात गाठोडं, एका हातात निऱ्या धरून पळत येत होत्या. दोघींनी पदरावरून केशरी टोपी चढवली होती. “पळा गं, पळा!” ताडकळसच्या बाया खिडक्यांतून हात काढून ओरडू लागल्या. गार्डानंही शिट्टी वाजवायला जरा उशीरच केला. सगळ्या चढल्यावर केशरबाईनं मोजल्या. चोवीस नव्हत्या, सव्वीस होत्या.

मैदानाच्या दारात अर्पिता उभी होती. एवढा घोळका बघून ती धावतच पुढं आली. तिनं त्यांना पुढच्या पायऱ्यांवर नेलं. तिथं एका खुर्चीवर कागद चिकटवलेला होता.

“काय लिव्हलंय?” केशरबाईनं विचारलं.

सवितानं वाचलं, “केशरबाई. ताडकळस.”

लग्नघरी बांगड्या भरून झाल्या की केशरबाई आपण होऊन मागच्या दाराला सरकायची. विधवेनं मांडवात पुढं थांबू नये, हे तिला कधी कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती त्या खुर्चीजवळ थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग कागद निघू नये म्हणून हलकेच, पुढच्या कडेवर टेकली.

मैदान निळं होतं आणि त्यावर पाणी मारलेलं होतं. निळं मैदान बघून बायांचा पहिला अर्धा तास नवल करण्यातच गेला. नियम कुणाला ठाऊक नव्हते. पण चेंडू राजेश्रीकडे आला की काय होतं, ते सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तिनं पायानं एक गोल तटवला तशी चुडाव्याची एक म्हातारी उभी राहून म्हणाली, “सोडू नकू गं, माय!” मग कुणालाच धरबंद राहिला नाही. दुसऱ्या बाजूचे लोक खेळ सोडून या पंचेचाळीस लुगड्या-साड्यांकडे बघू लागले. राजेश्रीनंही एकदा जाळीपुढून मान वळवून पाहिलं.

शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा एक-एक बरोबरी होती. मग समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पहिला फटका राजेश्रीनं अडवला, उलटून आलेला दुसराही पडता पडता अडवला, आणि तिसरा तिच्या हातमोज्याला चाटून आत गेला. वाघिणी हरल्या. जिंकल्या असत्या तर अंतिम सामन्यात गेल्या असत्या; तो हुकला.

संघ पुढच्या वर्षीही नांदेडलाच राहिला. त्यामागं मालकांचे हिशेब काय असतील ते असोत. ताडकळसच्या बायांना विचाराल तर त्या म्हणतील, आमच्यामुळं राहिला. पण ते नंतरचं. त्या दुपारी लोक भराभरा उठून गेले आणि अर्पिता पडल्या चेहऱ्यानं केशरबाईपाशी आली.

“मावशी, एवढ्या लांबून आणलं तुम्हाला, आणि हरलो.”

“आमी बघायला आलतो, बाई. लय बघितलं. येवढं कुनी दाखविलं न्हवतं आमाला.” केशरबाईनं तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. “आता मला सांगा, पोरी जेवल्या का?”

“मॅचच्या आधी कुठं काय खातात.”

“मंग बोलवा बिगीनं. आमाला गाडी धरायची हाय.”

गाठोडी सुटली. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी, कांदे. पोरी आधी दबकत आल्या, मग पायऱ्यांवर बायांच्या मधे मधे बसल्या. सगळ्यात शेवटी राजेश्री आली. डोळे लाल. पायांना ते उशांसारखे जाडजूड पॅड अजून तसेच होते; सोडायचंही तिला सुधरलं नव्हतं. त्यामुळं तिला मांडी घालता येईना. ती खालच्या पायरीवर दोन्ही पाय लांब करून बसली. सवितानं भाकरीवर चटणी घालून तिच्या हातात दिली.

पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच ती जेवत राहिली. कुणी समजूत घातली नाही, कुणी उगी म्हटलं नाही. बायांनी आपसात बोलणं चालू ठेवलं आणि तिच्यापुढची भाकरी संपली की दुसरी ठेवली.

पश्चिमेचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. केशरबाई उठली, आणि त्या उन्हाकडे पाठ करून, तिच्यावर सावली पडेल अशी बसली.