वत्सलाबाईंचा निळा दोरा

लाटंबार्शाच्या मंजुळाला आकाशाकडे बघत बसण्याची नोकरी लागली, तेव्हा गावात जो तो तिला विचारत होता, "म्हणजे नेमकं करतंस काय गो?" पहिले काही दिवस तिलाही ते नीट सांगता येत नव्हतं.

काम असं होतं. डिचोलीहून लाटंबार्शाकडे येताना पठारावर बंगल्यांची नवी वसाहत झाली आहे. तिथे एका कंपनीने ड्रोनने घरोघरी सामान पोचवायची चाचणी सुरू केली होती. काडेपेटी, साबण, चहापूड, बल्ब, गाळणी, असलं बारीकसारीक. पेडण्यात मोप्याला विमानतळ आहे, त्याच्या जवळपास ड्रोन उडवायला मनाई, म्हणून कंपनी इतकी आत आली होती. ड्रोन हवेत असेपर्यंत कुणीतरी डोळ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं, असा नियम होता. त्यासाठी मंजुळा वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायची. गळ्यात दुर्बीण, हातात वॉकीटॉकी. पतंग दिसला, पक्ष्यांचा थवा दिसला, की खाली ड्रोन उडवणाऱ्या प्रतीक्षाला कळवायचं.

मंजुळाचं वय चौपन्न. याआधी वीस वर्षं तिने याच पठाराच्या उतारावरच्या काजूच्या बागायतीत माकडं हाकण्याचं काम केलं होतं. सुधीरने, म्हणजे कंपनीच्या इथल्या मॅनेजरने, तिला विचारलं होतं, "दिवसभर एकाच ठिकाणी बसून लक्ष ठेवायला जमेल?" तेव्हा तिला हसू आलं होतं.

प्रतीक्षा कोल्हापूरची. ड्रोन उडवायचा परवाना असलेली, सव्वीस वर्षांची मुलगी. मंजुळाच्या प्रश्नांना ती कधी कंटाळायची नाही. प्रश्न तर रोजचे होते. वारा उलटा आला तर तो काय करतो? बॅटरी संपत आली हे त्याचं त्याला कळतं? सामान खाली सोडताना तो स्वतः का उतरत नाही?

"अंगणात पोरं असतात, कुत्री असतात, मावशी," प्रतीक्षा म्हणाली होती. "म्हणून वर थांबायचं आणि दोरीनं पिशवी सोडायची. पिशवी जमिनीला टेकली की दोरीवरचा ताण जातो. ताण गेला की हूक आपोआप सुटतो. मग दोरी वर ओढून घ्यायची."

"म्हणजे त्याका जमीन दिसत नाय. हाताक हलकां लागलां की समजता."

"बरोब्बर."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. पहिली वत्सलाबाईंची. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वसाहतीच्या अगदी शेवटच्या रांगेत राहायच्या. नातीसाठी फ्रॉक शिवत होत्या आणि त्यांना निळ्या दोऱ्याचं रीळ हवं होतं. ॲपवर 'सामान पोचलं' असं आलं, अंगणात काही नाही. कंपनीने दुसरं पाठवलं. तेही नाही. त्याच रांगेतल्या एका घरी मेंदीचे कोन पोचले नाहीत, दुसऱ्या घरी इलॅस्टिकची पट्टी.

ड्रोन शेवटी अंगणाचा एक फोटो काढायचा. फोटोत अंगण रिकामं. लोकांच्या घरांचं चित्रीकरण करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मधलं काहीच कुणाला दिसत नव्हतं.

"सरळ आहे," सुधीर म्हणाला. "पिशवी टेकली रे टेकली की कुणीतरी उचलतं. आणि शेवटच्या रांगेच्या पलीकडे काय आहे? शेड."

पलीकडे सपाट पठारावर पत्र्याच्या सहा शेडी होत्या. पुढचे बंगले बांधणारे कामगार तिथे राहायचे, बहुतेक बेळगाव जिल्ह्यातले. सुधीरने वसाहतीच्या सिक्युरिटीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं शेडींत शिरली.

मंजुळाला हे टाकीवरून दुर्बिणीतून दिसलं. वर्षा नावाची एक बाई, खानापूरकडची, दारात उभी होती. सिमेंटची घमेली वाहणाऱ्या बायकांमधली ती सगळ्यांत उंच, म्हणून मंजुळा तिला लांबूनही ओळखायची. तिची पत्र्याची ट्रंक बाहेर आली, तिनेच ती उघडून दिली. कपडे एकेक करून बाहेर आले, जमिनीवर पडले. माणसं पुढच्या शेडीकडे गेली. वर्षा बराच वेळ तशीच उभी राहिली, मग खाली बसून घड्या घालू लागली.

मंजुळाने दुर्बीण खाली केली. बघायची नोकरी असली तरी हे बघायचं नव्हतं.

शेडींत काहीच सापडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली आणि प्रतीक्षासमोर बसली.

"बाय, जां जां गेलां त्याची यादी वाच माका."

प्रतीक्षाने मोबाइलवर यादी काढली. "दोऱ्याचं रीळ. परत रीळ. मेंदीचे कोन. इलॅस्टिक. सेफ्टी पिनांचं पाकीट. केसांच्या रबरांचं पाकीट."

"आणि त्याच रांगेत पोचलां तां?"

"साबणाच्या चार वड्या. चहापूड अर्धा किलो. खोबरेल तेल. डाळीचा डबा..." प्रतीक्षा थांबली. "आयला, मावशी. हलकंच तेवढं गेलंय."

"चोर साबण टाकून रबरां कित्याक नेतलो?"

मंजुळाने दुसरा प्रश्न विचारला, आणि प्रतीक्षा पुढे कित्येक दिवस हा प्रश्न सगळ्यांना सांगत राहिली.

"हूक सुटलो तेव्हा दोरी किती बाहेर आयली होती?"

ही नोंद यंत्र ठेवत होतं, पण आजवर ती कुणी उघडून पाहिली नव्हती. प्रतीक्षाने लॅपटॉप उघडला. ड्रोन वत्सलाबाईंच्या अंगणावर तीस मीटर उंच थांबलेला. साबण उतरला तेव्हा दोरी तीस मीटर सुटली होती. पहिल्या रिळाच्या वेळी एकोणीस. दुसऱ्या वेळी बावीस. मेंदीच्या कोनांना सतरा.

"म्हणजे पिशवी जमिनीला लागलीच नाही," प्रतीक्षा हळूच म्हणाली. "हवेतच हूक सुटला. पण मग खाली तरी पडायला हवी ना?"

"पडली नाय. म्हणजे वर गेली, नायतर बाजूक."

प्रतीक्षाला हसू येत होतं. मंजुळाला मात्र एक गोष्ट खटकत होती. टाकीवरून तिला ड्रोन शेवटपर्यंत दिसायचा, पण शेवटची रांग उतारावर होती. तिथल्या छपरांच्या खालचं काही टाकीवरून दिसत नव्हतं. आपण वीस वर्षं जो उतार राखला, त्याच उतारावर काय चाललंय ते आपल्याला दिसू नये, हे तिच्या मनाला लागलं.

मंजुळाने अंगणात उभं राहून बघावं म्हणून आणखी एक रीळ पाठवायची परवानगी मागायला दोघी सुधीरकडे गेल्या, तर तो म्हणाला, "एक फेरी. फक्त एकच. आणि टाकीवर दुसरं कुणीतरी पाहिजे." सिक्युरिटीतल्या एकाला वॉकी देऊन वर बसवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मंजुळा वत्सलाबाईंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. वत्सलाबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. "नेमकं काय बघायचंय आपण?"

"म्हाईत नाय, बाई. वर बघत रावा."

ड्रोन आला. भुंग्यासारखा घुमत डोक्यावर थांबला. पोटातून बारीक दोरी निघाली आणि टोकाला कागदी पिशवी. आत एकच निळं रीळ. पिशवी जड नसल्यामुळे सरळ उतरत नव्हती, वाऱ्यावर इकडून तिकडे हेलकावे घेत होती. लोंबणारी दोरी आणि टोकाशी वळवळणारं काहीतरी. मंजुळाच्या मनात आलं, खालून ही पिशवी वाटतेय, पण बाजूने बघणाऱ्याला काय वाटत असेल?

तेवढ्यात उताराच्या बाजूने सावली आली. तांबूस पंख, पांढरंशुभ्र डोकं. घारीने एकच गिरकी घेतली, पाय पुढे केले आणि पिशवी धरून वर उचलली. दोरी क्षणभर ढिली पडली. हूक सुटला. घार पिशवी घेऊन उताराकडे गेली, आणि यंत्राने शांतपणे आपली दोरी गुंडाळायला घेतली.

वत्सलाबाईंच्या फोनवर टिंग असा आवाज झाला. त्यांनी वाचून दाखवलं, "सामान पोचलं."

मग त्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

"मावशी, काय झालं? बोला की!" वॉकीवरून प्रतीक्षा ओरडत होती. "बावीस मीटरला सुटला!"

"घार गो! घारीन व्हेलां!" मंजुळाही ओरडली.

घार गेली ती दिशा मंजुळाच्या ओळखीची होती. उतारावर एक जुना रायवळ आंबा होता. वसाहत झाली तेव्हा सगळे काजू गेले, हा मात्र हद्दीबाहेर म्हणून राहिला होता. प्रतीक्षा धावत आल्यावर तिघी तिकडे गेल्या. झाडाखाली माशांचे काटे, शेतातल्या खेकड्यांची कवचं आणि कागदाच्या चिंध्या पडलेल्या. फुटलेल्या मेंदीच्या कोनाचा हिरवा डाग खोडावर वाळून काळपट झाला होता. आणि वर, मोहोराच्या तुऱ्यांमधून, एका फांदीवरून दुसरीवर, दुसरीवरून चौथीवर, निळा दोरा गेला होता. रीळ घरंगळत, अडकत, उलगडत गेलं असणार. उन्हात तो दोरा मधूनच चमकायचा.

"हाच रंग," वत्सलाबाई मान वर करून म्हणाल्या. "अगदी हाच हवा होता मला."

मंजुळाने दुर्बीण लावली. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं होतं. काठावर इलॅस्टिकची पांढरी पट्टी लोंबत होती आणि तिच्या मागून एक राखाडी डोकं बाहेर बघत होतं. तिने दुर्बीण प्रतीक्षाला दिली. प्रतीक्षाने ती परत द्यायला बराच वेळ लावला.

पुढचं सगळं पटपट ठरलं. पिल्लू उडेपर्यंत त्या रांगेत ड्रोन जाणार नव्हता, तिथलं सामान सायकलवरून पोचवायचं. दोरी पूर्ण सुटल्याशिवाय हूक सुटू नये, असा बदल प्रतीक्षाने मुख्य कार्यालयाकडे मागितला. सुधीरने अहवालात 'पक्ष्याचा अडथळा' असं लिहिलं आणि फाइल बंद करायला घेतली.

"आणि शेडीतली माणसां?" मंजुळाने विचारलं.

"त्यांचं काय? काही सापडलं नाही, संपलं."

"त्यांका खंय म्हाईत संपलां तां?"

सुधीरने फाइल मिटली. पण संध्याकाळी प्रतीक्षा शेडींकडे निघाली, तेव्हा तोही मागून आला. कामावरून येऊन वर्षा हातपाय धूत होती. प्रतीक्षाने सगळं सांगितलं. घार, आंबा, दोरा. शेजारच्या शेडींतले लोकही जमले, काहीजण हसले. वर्षा हसली नाही.

"ट्रंक मी सोता उघडून दिली होती," ती म्हणाली. "चोरलं न्हाई म्हटल्यावर भ्यायचं कशाला? पण कापडं भुईवर टाकायची काय गरज होती ओ?"

"नव्हती," सुधीर म्हणाला. त्याची नजर तिच्या ओल्या पायांवर होती. "मीच पाठवलं होतं त्यांना. चूक माझी."

वर्षाने पदराने तोंड पुसलं. मग तिने मान वर करून प्रतीक्षाला विचारलं, "त्याला घर कसं कळतंय? दारावरचा नंबर वाचतंय काय?"

"नाही. पृथ्वीवरची जागा आकड्यांत सांगायची. तेवढं त्याला पुरतं."

"म्हंजे पत्ता न्हाई लागत."

"नाही."

"आमच्या शेडीला पत्ताच न्हाई, म्हणून इचारलं." ती जराशी अडखळली. "मग हितं पण येईल की ते?"

प्रतीक्षाने सुधीरकडे बघितलं. शेडी शेवटच्या रांगेच्या पलीकडे असल्या तरी आंब्यापासून चांगल्या लांब, रांगेच्या दुसऱ्या टोकाला होत्या. सुधीरने मान हलवली. "येईल. काय हवंय तुम्हाला?"

वर्षाला मोजायचा टेप हवा होता. घमेली वाहण्यापेक्षा तिला फरशी बसवायचं काम शिकायचं होतं, आणि मिस्त्री स्वतःचा टेप कुणाला हात लावू देत नसे.

तीन दिवसांनी सकाळी शेडींसमोर एक पांढरी ताडपत्री अंथरली, चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवले. त्या दिवशी बांधकामाला सुट्टी होती, त्यामुळे सगळी वस्ती बाहेर उभी. मंजुळा टाकीवरून घारीवर डोळा ठेवून होती. टेप लोखंडी डब्यातला, चांगला वजनदार. पिशवी अजिबात न हलता सरळ खाली आली आणि ताडपत्रीच्या मधोमध टेकली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. वर्षा मात्र दोरी पूर्ण वर जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिली.

पाळी संपल्यावर मंजुळा मुद्दाम तिकडून गेली. वर्षा शेडीच्या भिंतीशी ओणवी होऊन टेप लावत होती.

"मावशी, जरा हे टोक धरा," ती म्हणाली.

मंजुळाने टोक धरलं. वर्षाने एक बाजू मोजली, मग समोरची. मग पहिली परत मोजली.

"तीन इंचाचा फरक हाय बगा," ती म्हणाली. "दीड वर्ष ऱ्हातोय हितं, आणि शेड वाकडी हाय हे कुणालाच ठावं न्हाई." आणि टेप तसाच ताणलेला ठेवून ती शेजारच्या शेडीकडे निघाली. मंजुळाही टोक धरून तिच्या मागोमाग गेली.