लाकडाला फुटलेले केस

ओटमारने कोटाच्या खिशातून काटकी काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि बायकोकडे मोठ्या ऐटीत पाहिलं. काटकी नुसतीच ओली होती.

"आत्ता होते गं," तो म्हणाला. "पांढरेशुभ्र केस. हातभर नाही, पण बोटभर तरी."

हेडविगने टेबल पुसलं. आठवड्यातली ही तिसरी काटकी. अख्खा जन्म ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात झाडं तोडण्यात घालवलेला माणूस आता मेलेल्या लाकडाला केस फुटतात म्हणत होता. मुलीने, झिल्केने, फोनवर हे ऐकलं आणि लगेच गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरांनी डोकं फिरल्याचं सांगितलं तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवू, हेही तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. बाजूचा पलंग रिकामा दिसेल हा विचारच हेडविगला नकोसा व्हायचा.

बुधवारी उजाडता उजाडता ओटमार निघाला, तशी तीही बूट चढवून निघाली. पाऊस थांबून चांगलाच गारठा पडला होता. इतक्या वर्षांत हे कधी कसं दिसलं नाही, असं तिने वाटेत विचारलं. तेव्हा पडलेलं लाकूड जंगलात ठेवायचोच कुठे, सगळं उचलून न्यायचो, असं तो म्हणाला. उत्तर तर वेड्याचं नव्हतं.

ओढ्यापाशी बीचच्या झाडाची एक कुजकी फांदी पडली होती. साल गेलेल्या जागी पांढरे, रेशमी केस होते, कुणी फणी फिरवल्यासारखे. हेडविगने वाकून बोट लावलं. बर्फाचे केस विरघळून बोटावर थंडगार पाणी झालं.

ती तिथेच ओल्या ओंडक्यावर बसली आणि रडू लागली. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं.

"आता काय झालं?" ओटमार घाबरला.

"काही नाही. शहाणा आहेस तू, म्हणून."

घरी येताच, कोटही न काढता तिने मुलीला फोन लावला. बाबा खरं बोलत होते, मी डोळ्यांनी पाहिलं, हातही लावला, असं सांगितलं. मग झिल्केने फार हळुवारपणे विचारलं, "आई, तुला रात्री झोप लागते ना नीट?"

हेडविगला हसू आवरेना.

"उद्या तूच ये," ती म्हणाली. "उजाडायच्या आत. आणि जाड मोजे घाल."