मागचे केस

बायको रंगशाळेत सुताला नीळ चढवायची. ती गेल्यावर तिचं सामान आणायला मी तिथे गेलो. तिच्यासोबत काम करणारा रंगारी पिंपातली नीळ ढवळत होता.

"आजारपणात तिचे केस एकदम पांढरे झाले रे," मी म्हणालो.

तो थांबला. "एकदम कसे होतील, दादा? वहिनींचे केस कधीचे पांढरे होते. आधी मेंदी लावायची, ती धुतली की निळीच्या पाल्याचा लेप. मग काळेभोर दिसतात. पुढचे त्या स्वतः लावायच्या, मागचे मी लावून द्यायचो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी त्या केसांचं कौतुक करत होतो आणि खरं काय ते या माणसाला माहीत होतं!

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुम्हाला काळे केस आवडतात म्हणून. भलतंसलतं मनात आणू नका."

मी तिच्या स्टुलावर बसलो आणि टोपी काढली. "मला लाव."

"अहो, आता या वयात कोणावर छाप पाडायचीय?"

"लाव म्हणतो ना!"

त्याने मेंदी कालवली. थंडगार लेप घेऊन त्याची बोटं माझ्या मानेवर आली.

"मान हलवू नका हं. वहिनी सारख्या हलवायच्या. इथे फार गुदगुल्या व्हायच्या त्यांना."

हेही मला माहीत नव्हतं. गुदगुल्या मलाही होत होत्या, पण मी दात आवळून बसलो आणि शेवटपर्यंत मान हलू दिली नाही.