नाकाखालची मुखपट्टी

काय म्हणावं या सलूनवाल्याला! चष्म्यावर वाफ धरते म्हणून मला नाकाखाली ओढायचा आणि वर गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा, "आपण मुखपट्टीशिवाय वस्तऱ्याला हात लावत नाही, बरं का!"

मित्रांनो, मी त्याचीच जुनी मुखपट्टी. त्याच्या काकूने सुती चादरीचे तीन पदर जोडून मला शिवलं. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण काकूची टीप कधी वाकडी गेली नाही, हे ठणकावून सांगते. माझ्या वरच्या काठात तिने बारीक तारही घातली होती. "नाकावर दाबून बसव, म्हणजे वाफ वर जायची नाही," असं बजावलंही होतं. याला तार टोचली. याने उपटून फेकली.

मी काही भिंत नव्हे, चाळणीच, पण दाट. समोरून येणारं थोडंफार अडवते. घालणाऱ्याच्या नाकातोंडातून उडणारं मात्र बरंच धरून ठेवते. दाढीला बसलेला माणूस बिचारा उघड्या तोंडाचा. त्याची राखण मीच करायची.

त्या दिवशी याचं नाक गळत होतं. खुर्चीत काका होते, ज्यांनी याला वस्तरा धरायला शिकवलं तेच. गळ्यापर्यंत फेस, डोळे मिटलेले, गुणगुणणं चाललेलं. हा त्यांच्यावर ओणवा, याचं उघडं नाक त्यांच्या तोंडापासून वीतभर. शिंक आली तेव्हा याने मान वळवली. पण श्वास कुठे वळवणार?

थोड्याच दिवसांत काकांची छाती भरली. कुठून लागलं, छातीठोक कोण सांगणार? जिवावरचं निभावलं, पण आता चार पायऱ्या चढले की कठडा धरून उभे राहतात. गुणगुणणं तर बंदच.

हा काकांच्या घरी त्यांची दाढी करायला गेला, तर काकाच याची समजूत घालू लागले, "तुझा काय दोष रे? तू तर मुखपट्टी लावली होतीस."

याचा हात थांबला. काकूने मला धुवायला घेतलं, वरचा काठ चाचपला.

"तार कुठंय रे?"

"टोचत होती, काकू."

काकू सुई घेऊन नवी तार घालत बसली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकं "किती काळजी घेतो!" म्हणायची, तेव्हा मीही फुगून बसायचेच की.

मित्रांनो, मला रोज धुवा, वाळवा, आणि नाकावर नीट बसवा. एवढंच मागते.

आज पुन्हा चष्म्यावर जराशी वाफ आली. याचं बोट माझ्याकडे वळलं, तशी मी याचे दोन्ही कान धरून म्हणाले, "खबरदार! काकांपुढे तू मला लावली नव्हतीस रे, नुसती दाखवली होतीस."