झोंबतं का?

"मिरचीचं मलम?" सुमनबाईला डॉक्टरांसमोरच हसू फुटलं. "साहेब, देगलूरच्या कांडप गिरणीत बावीस वर्षं झाली मला. मिरची का पायाला लावायची चीज हाय व्हय?"

नांदेडचे ते डॉक्टर सज्जन होते. मिरचीतला तिखटपणा तेवढा काढून मलमात घातलाय, साखरेच्या आजारात नसा दुखतात त्यावर थोडाफार आराम पडतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. "पहिले काही दिवस झोंबेल, घाबरायचं नाही. आणि तळवे रोज बघायचे."

शेवटचं वाक्य नवराबायकोनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

तिचा नवरा ग्यानोबा लाईनमन होता. "तीस वर्षं पोलवर चढलो, कवा झटका बसला न्हाई. आता अंथरुणात करंट मारून राहिलाय," असं तो म्हणायचा. मलम लावायचं काम सुमनबाईकडं; लावताना ती रोज विचारायची, "झोंबतं का?" मिरचीनं तिचे हात इतके निबर झाले होते की तिला काहीच झोंबत नसे. उजव्या पायाला बोट लागलं की ग्यानोबा "आगागा" करून ओरडायचा. डाव्याला लावलं की गप्प.

"डाव्याला लवकर गुण आला बघा," ती आठवड्यानं म्हणाली.

"हाव. दुखत बी न्हाई."

मग बऱ्या झालेल्या पायावर औषध कशाला वाया घालवायचं, म्हणून तिनं डाव्याला मलम लावणंच बंद केलं. गिरणीतल्या सगळ्या बायकांना मलमाचं कौतुक सांगून झालं.

एक दिवस घरात वास यायला लागला. चपलेतून एक बारीक खिळा डाव्या तळव्यात घुसला होता आणि किती दिवस तसाच होता, देव जाणे. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

"तो पाय बरा झाला नव्हता, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्यातली जाणीवच गेली होती."

सुमनबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. आपण रोज विचारलं आणि एकदाही वाकून पाहिलं नाही, हे तिला सहन होईना.

आता एकच पाय उरला. रोज सकाळी गिरणीत जायच्या आधी ती तळवा उजेडात धरून निरखायची, मलम लावायची आणि विचारायची, "झोंबतं का ओ?"

"झोंबतंय की. लई."

मग तिचा जीव भांड्यात पडायचा. नवरा कळवळला की खूश होणारी अख्ख्या देगलुरात ती एकटीच बाई असेल.

त्या सकाळी ग्यानोबा छताकडं बघत पडला होता. तळवा पाहून झाल्यावर तिनं पाय चादरीवर ठेवला आणि ट्यूबचं झाकण काढलं. मलम संपत आलं होतं. ती ट्यूब शेपटाकडून गुंडाळत, दाबत बसली. काही केल्या बाहेर येईना.

"झोंबतंय गं," ग्यानोबा म्हणाला. "आज लईच झोंबून राहिलंय."

सुमनबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हात ट्यूबवरच होते. पायाला अजून मलम लागलंच नव्हतं.

न झोंबताच तो हे कधीपासून म्हणत असेल? आज गिरणी नाही, नांदेडची गाडी धरायची, हे तिनं तिथंच ठरवलं. मग तिनं ट्यूब खाली ठेवली.

"फुंकर घालू का?" तिनं विचारलं.

"घाल."

ती वाकली आणि त्या पायावर कितीतरी वेळ फुंकर घालत राहिली.